सलवारमध्ये कळत नाही

ताई, मी २२ वर्षांची आहे. कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायचे. घोटा पकड करताना वरून दोघी पडल्या आणि गुडघा फिरला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं. ऑपरेशनला पाच महिने झाले. आता घरात चालते-फिरते, दुखत नाही. दादा फिजिओकडे न्यायचा, पण ऊसतोड सुरू झाल्यापासून त्याला वेळ नाही, म्हणून ते बंद आहे. एक मांडी बारीक दिसते, पण सलवारमध्ये कळत नाही. घरचे खूप जपतात, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात. आता पोलीस भरती, खेळाची शिक्षिका व्हायला बी.पी.एड., एमपीएससी की आई म्हणते तसं लग्न? काहीच सुचत नाही.

प्रिय मुली,

करिअरचे चार रस्ते मोजून दाखवलेस आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकलीस. सलवारमध्ये कळत नाही म्हणे! कळू नये अशी इच्छा कोणाची आहे?

डॉक्टरांनी लिगामेंट नवं घातलं, मांडी नवी घातलेली नाही. गुडघ्याला एवढी दुखापत झाली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून पुरता हुकूमच जात नाही, आणि तो वाळत जातो. घरातल्या घरात फिरून तो भरत नाही. त्याला वजन लावून, वाढवत वाढवत राबवावं लागतं. दुखत नाही याचा तुला भलताच भरवसा आहे. सगळा भार चांगल्या पायावर टाकून चाललं तरी दुखत नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका कितीतरी जास्त असतो. बरं, नऊ महिने नुसते कॅलेंडरवर भरून भागत नाही. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी यावी लागते.

आता तुझे रस्ते बघ. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, वर गोळाफेक. बी.पी.एड.च्या प्रवेशालाही मैदानी चाचणी आहे. एमपीएससीतून फौजदार व्हायचं मनात असेल तर तिथेही धावावं लागतं. म्हणजे आज यातलं काहीही निवडलंस तरी ती बारीक मांडी आडवी येणार. लग्न तर मी या यादीतून खोडलंच आहे. पायाने साथ सोडली म्हणून कोणी लग्न करत नाही, निदान तू करू नकोस.

मला वाटतं, हे तुला आतून माहीत आहे. व्यायाम पुरा झाला की एक दिवस कळणार, पुन्हा खेळता येईल की नाही. ते ऐकायची भीती वाटते, म्हणून दादाची अडचण तुला सोयीची पडली. भीती वाटणं मी समजू शकते. कोपऱ्यावर उभं राहून समोरच्या चढाईवालीचा पाय टिपणारी मुलगी एका रात्रीत घरात बसली, तर तिचं काळीज हलणारच. पण घरच्यांच्या त्या जपण्याचं कौतुक मला सांगू नकोस. तांबा हातात देणाऱ्या घरात एकालाही पोरीला तालुक्याला न्यायला वेळ मिळू नये, याला मी जपणं म्हणत नाही.

येत्या सोमवारी एसटीने फिजिओकडे जा. एकटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पाय चालण्यापुरता बरा आहे हे तर तूच लिहिलंयस. जाताना पिशवीत हाफ पँट टाक, तीच, जिच्यावर अख्ख्या गावासमोर पकडी केल्यास. तिथे ती घालून दोन्ही मांड्या समोर धर. गुडघ्याच्या वाटीच्या दहा सेंटिमीटर वर टेप लावून दोन्ही मापं घ्यायला सांग. गुडघा पूर्ण सरळ होतो का, तेही तपासून घे, कारण ते राहून गेलं तर पुढे फार जड जातं. मापं वहीत लिही आणि दर पंधरवड्याला पुन्हा घे.

भरतीचा अर्ज, बी.पी.एड.चा फॉर्म, सगळं तोवर बाजूला राहू दे. पहिली दोन मापं मला कळव, मग पुढचं बोलू.

तुझी,
ताई