वाचकांचे प्रश्न : नवी आवृत्ती आली आणि दुरुस्ती हरवली

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्यातील संगणकांवर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली आहे. सुताचा साठा नोंदवणारा एक मुक्त प्रोग्रॅम, पावतीवर मराठी जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून थोडा दुरुस्त करून, मी त्याचे पॅकेज (संगणकावर थेट बसवता येणारा संच) बनवतो. मागील खेपेस नव्या आवृत्तीत माझी दुरुस्ती घालायची राहिली आणि तीन दिवस पावत्यांवर ‘रक्कम’ऐवजी ‘रक्‌कम’ छापले गेले. माझ्याकडे ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचे’ असे फोल्डर साठले आहेत. यासाठी गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, कसे वापरावे?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : मूळ लेखकाचा कोड आणि तुमची दुरुस्ती एकमेकांत मिसळली आहे, तुमच्या अडचणीचे कारण तेच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिलेल्या गिटवर आधारलेले ‘गिट-बिल्डपॅकेज’ (थोडक्यात ‘जीबीपी’) हे साधन डेबियनचे अनेक देखभालकर्ते वापरतात. त्यातील ‘अपस्ट्रीम’ शाखेत (शाखा म्हणजे कोडचा स्वतंत्र प्रवाह) मूळ कोड आला तसाच राहतो. तेथे एक अक्षरही बदलू नये. दुसऱ्या शाखेत तोच कोड आणि सोबत ‘डेबियन’ नावाचा फोल्डर असतो, ज्यात पॅकेजची माहिती, बांधणीचे नियम आणि बदलांची नोंद असते.

तुमची दुरुस्ती याच फोल्डरातील ‘पॅचेस’मध्ये स्वतंत्र फाइल, म्हणजेच पॅच, म्हणून ठेवा आणि तिचे नाव ‘सिरीज’ या यादीत लिहा. पॅचच्या माथ्यावर दोन ओळींत कारण नोंदवा : कोणत्या प्रिंटरवर, कोणते जोडाक्षर, कसे तुटत होते. वर्षभराने ती फाइल उघडल्यावर याच दोन ओळी कामी येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

नवी आवृत्ती आली की ‘जीबीपी इम्पोर्ट-ओरिग’ने ती आत घ्या, ‘जीबीपी पीक्यू रिबेस’ने पॅच तिच्यावर चढवा आणि ‘जीबीपी पीक्यू एक्स्पोर्ट’ने पुन्हा फाइलरूपात उतरवा. मूळ कोड नेमका त्याच ओळींत बदललेला असेल, तर गिट तेथेच थांबून ती जागा दाखवते. ही पायरी विसरलात तरी, न बसणारा पॅच यादीत असेल तर पॅकेजची बांधणीच अडते, त्यामुळे चूक गिऱ्हाइकाच्या पावतीपर्यंत न जाता तुमच्याच टेबलावर उघड होते. बांधणी झाल्यावर त्या आवृत्तीला टॅग (नावाची खूण) लावा, म्हणजे ‘शेवटचे’ कोणते हा प्रश्न उरणार नाही.

आणखी एक आग्रहाची विनंती : हा पॅच मूळ लेखकाकडेही पाठवा. जोडाक्षरे तुटण्याचा त्रास मराठीत छापणाऱ्या इतरांनाही होत असणार, आणि लेखकाने तो स्वीकारला की पुढच्या आवृत्तीत ‘सिरीज’मधील ती ओळ तुम्हाला काढून टाकता येईल.