अंदाजपत्रकातली शेवटची ओळ

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा आणि अंदाजपत्रक, दोन्ही वाचून झालं. पटकथेवर सावकाश बोलू, तिच्यात दम आहे. आधी अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीबद्दल लिहितो. ‘वसुली’ या मथळ्याखाली तू एकच नोंद केली आहेस: ओटीटी हक्क. ती ओळ खोडून टाक. एखाद्या प्लॅटफॉर्मने चित्रपट घेतला तर आनंदच आहे, पण त्या भरवशावर आईचे दागिने गहाण टाकायचे नाहीत.

२०२० आणि २०२१ मध्ये थिएटरं बंद होती, माणसं घरात अडकली होती आणि प्लॅटफॉर्मना नवं काहीतरी सतत हवं होतं. बिनास्टारचे छोटे चित्रपटही तेव्हा थेट विकले गेले. तू या धंद्याकडे पाहायला लागलास तो नेमका हाच काळ, म्हणून तुला तीच रीत वाटते. आता बहुतेक खरेदीदार आधी विचारतात, थिएटरमध्ये काय धंदा झाला? त्यात खरेदीदारही घटले. मल्टिप्लेक्सवाले पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एक झाले, प्लॅटफॉर्ममध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार २०२५ मध्ये. दोघांच्या जागी एकच उरला की भाव कोण पाडतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

मग मराठीत स्वतंत्र चित्रपट पोचतो कसा? अलीकडची दोन उदाहरणं नीट अभ्यास. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ विदर्भातल्या खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. सप्टेंबर २०२३ मध्ये तो टोरांटो महोत्सवात गेला, आशियाई चित्रपटांना दिला जाणारा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि आपल्याकडे लागला मार्च २०२५ मध्ये. प्रस्तुतकर्ता म्हणून सचिन पिळगांवकर यांचं नाव सोबत होतं. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पटकथा असतानाच बिएनाले कॉलेज या व्हेनिसच्या नवोदितांसाठीच्या कार्यशाळेतून गेला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. पुरस्कारांवर सगळेच बोलतात. तू तारखा बघ. एकाला पहिल्या खेळापासून थिएटरपर्यंत दीड वर्ष लागलं, दुसऱ्याला आठ महिने, आणि तेही इतका मोठा पुरस्कार पदरात असताना.

या मधल्या काळाचा एक पैसाही तुझ्या अंदाजपत्रकात नाही. चित्रीकरण संपलं, पोस्ट (संकलन, ध्वनी वगैरे) झालं, की खर्च संपला असं तू धरलं आहेस. महोत्सवांच्या प्रवेशिकांचं शुल्क असतं. चांगली इंग्रजी सबटायटल्स करून घ्यावी लागतात (ती स्वतः करू नकोस, दोन्ही भाषांत मुरलेल्या माणसाकडून करून घे, कारण परीक्षक तुझा चित्रपट त्याच ओळींतून वाचणार आहेत). डीसीपी (थिएटरमध्ये चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत), सेन्सॉर, पोस्टर, प्रवास हे आहेच. थिएटरला लावायचं म्हटलं की दर पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क भरावं लागतं, ज्याला सगळे व्हीपीएफ म्हणतात. राज्य सरकारचं अनुदान जरूर मिळव, पण ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर हाती येतं, ते धरून शूट लावता येत नाही. आणि त्या वर्ष-दीड वर्षात तुला घरभाडं भरायचंच आहे. माझं ऐकशील तर एकूण रकमेचा तिसरा हिस्सा आजच बाजूला काढ आणि उरलेल्यात बसेल असा चित्रपट कर. युनिट लहान ठेव, दिवस वाढव. रिमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ आपल्या आसाममधल्या गावात लेखन, कॅमेरा, संकलन सगळं स्वतः सांभाळून केला. २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सगळं एकट्याने कर असं मी म्हणत नाही. ध्वनीला तर माणूस लागतोच, तिथे काटकसर करू नकोस.

नोव्हेंबरात गोव्याच्या फिल्म बाजारात जा, तिथे चित्रपट करणारे आणि पैसे घालणारे भेटतात, पण नुसती पटकथा घेऊन जाऊ नकोस. पाच-सात मिनिटं चित्रित करून ने. फाळक्यांनी १९१२ मध्ये तेच केलं होतं. वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक चौकट टिपून छोटी फिल्म केली, ती दाखवली आणि मग भांडवल उभं केलं. शंभर वर्षांत पैसेवाल्याचा स्वभाव काही बदललेला नाही, त्याला पडद्यावर काहीतरी हललेलं बघायचं असतं.

थिएटरबाहेरच्या खेळांना मात्र कमी लेखू नकोस, इथे माझा फार जीव आहे. मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या सभागृहात आम्ही एका मुलीचा चित्रपट लावला. खिडक्यांना काळं कापड, दोन साधे स्पीकर. चित्रपट सुरू झाला आणि पार्श्वसंगीत, पावसाचा आवाज सगळं ऐकू येत होतं, संवाद मात्र गायब. फाइव्ह पॉइंट वनच्या, म्हणजे थिएटरसाठी सहा चॅनेलांत केलेल्या ध्वनीच्या मिक्समध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात आणि तिथे मधला स्पीकरच नव्हता. तिच्याकडे स्टिरिओ, म्हणजे दोनच स्पीकरसाठीच्या मिक्सची वेगळी फाइल होती म्हणून खेळ वाचला. नंतर पंख्यांची घरघर आड यायला लागली तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी उठून पंखेच बंद केले. लोक घामाघूम होऊन शेवटपर्यंत बसले आणि नंतर तासभर भांडले, चित्रपटातल्या बापावरून. तर ती स्टिरिओ फाइल तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून असू दे. फिल्म सोसायट्या, कॉलेजं, वाचनालयं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, सगळीकडे लिही आणि प्रत्येक खेळाचं मानधन माग, थोडं का होईना. आलेल्या प्रेक्षकांचे नंबर वहीत उतरवून घे. पुढचा चित्रपट लागेल तेव्हा हीच माणसं पहिल्या दिवशी येतील, आणि पहिल्या तीन दिवसांत माणसं आली नाहीत तर शो काढायला मल्टिप्लेक्स आठवडा थांबत नाही.

आता कागद. तू लिहितोस की एक जण सगळा पैसा घालायला तयार आहे, ‘निर्माता म्हणून नाव त्यांचं, बाकी सगळं माझं’. कायद्याने तसं होत नाही. चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. पटकथा तू लिहिली आहेस, ती तुझी आहे. तेवढ्याच जोरावर बोलणी कर. तिची नोंद पटकथाकारांच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये आजच करून टाक. निर्मितीत तुझा हिस्सा किती, हे करारात टक्क्यांत लिहून घे.

पुढे कुणी हक्क विकत मागितले तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचून मगच बस. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणूनच समोरचा ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जगात’, ‘सर्व माध्यमांत’ असं बारीक अक्षरांत घालतो. करारातल्या या तिन्ही अटी स्वतः वाच आणि प्रत्येकापुढे आकडा घाल: किती वर्षं, कुठला प्रदेश, कुठलं माध्यम. टीव्ही, ओटीटी, विमानातले खेळ, यूट्यूब, डबिंग, रीमेक हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि वेगवेगळे विकता येतात. कितीतरी जुन्या निर्मात्यांनी ते एकगठ्ठा देऊन टाकले आणि आज त्यांचेच चित्रपट दुसऱ्याच्या चॅनेलवर लाखोंनी पाहिले जातात. मूळ फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेव.

त्या गृहस्थांनी पाठवलेल्या मसुद्यावर अजून सही केली नसशील तर थांब. तो मला पाठव. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई चित्रपटांचेच करार बघतात, नवख्यांकडून फार घेत नाहीत. मी त्यांच्याशी बोलून ठेवतो, पुढच्या आठवड्यात तू जाऊन भेट.

सस्नेह,
तुझा काका