रेसिंग गेममध्ये गाडी सरळ रस्त्यावरही डुलते. स्टिअरिंग सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी?

प्रश्नाखाली तुम्ही तपशील दिलाय ते बरं केलं: निपाणी, पीसी टीव्हीला जोडलेला, गेमपॅड, असेटो कोर्सा आणि फोर्झा होरायझन ५. शिवाय विचारलंय की नेमका आकडा सांगा, नाहीतर सरळ सेकंडहँड व्हील घेऊ का.

आकडा सांगत नाही. सेन्सिटिव्हिटीला हात सगळ्यात शेवटी लावायचा असतो. बेळगावात पोरं पहिला हात तिथंच घालतात, आणि त्यावरून एका माणसाशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

टिळकवाडीत एक गेमिंग पार्लर आहे. कोपऱ्यातल्या मशीनवर मालकानं चिकटपट्टीनं कागद लावलाय: ‘सेन्स ४०, हात लावू नये’, आणि खाली कन्नडात ‘मुट्टबेडी’. चाळीसवर गाडी सरळ रस्त्यात शांत वाटते, हे कबूल. पण मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, आली की वळायलाच तयार नाही. पोरगं स्टिक शेवटपर्यंत दाबून धरतं, गाडी नाक बाहेर काढून ट्रॅकबाहेर जाते, आणि मालक म्हणणार, तुला ब्रेक मारायला येत नाही. त्या मशीनचं दुखणं वेगळंच आहे. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याचा गेम मोड बंद, पॅड ब्लूटूथवर, व्ही-सिंक (फ्रेम टीव्हीच्या वेगाशी जुळवायचं सेटिंग) चालू, वर डेडझोन (मध्याजवळ स्टिक हलली तरी गेम मोजत नाही ती जागा) दोन ठिकाणी लावलेला. तुमचंही यातलंच काहीतरी असणार, कारण टीव्ही तुमच्याकडेही आहे.

डुलणं बहुतेक वेळा उशिरामुळे होतं. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर जाते. टीव्हीनं चित्र १०० मिलिसेकंद उशिरा दाखवलं, की तुम्ही जे बघताय ते साडेपाच मीटर मागचं. गाडी डावीकडे झुकली हे तुम्हाला उशिरा दिसतं, तुम्ही उजवीकडे दाबता, तोवर ती सरळ झालेली असते, मग ती उजवीकडे जाते. हेच ते डुलणं. गेम मोड नसताना टीव्ही चित्र गुळगुळीत करायला फ्रेम अडवून धरतो, त्यात एवढा उशीर सहज होतो. म्हणून आधी टीव्हीच्या मेनूत ज्या एचडीएमआय पोर्टला पीसी आहे त्याच्यासाठी गेम मोड लावा आणि मोशन स्मूदिंग बंद करा. गेममध्ये व्ही-सिंक बंद. पॅड वायरीनं जोडा. फ्रेम ३० वर अडकत असतील तर सावल्या आणि आरशांची क्वालिटी उतरवून ६० वर आणा; ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, ६० ला १७ ची.

इथंच लोक आणखी एक घोळ घालतात. असेटो कोर्साच्या गेमपॅड सेटिंगमध्ये स्टिअर फिल्टर आहे. गाडी डुलते म्हणून तो वाढवतात. फिल्टर हालचाल मऊ करतो, पण मऊ करतो म्हणजे उशिरा पोचवतो. मूळ रोग उशिराचा, औषधही उशिराचं. फिल्टर कमीच ठेवा.

आता डेडझोन. विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाका, पॅड निवडा, प्रॉपर्टीज उघडा. चौकटीतलं अधिकचं चिन्ह बघा. स्टिक पूर्ण डावीकडे नेऊन अलगद नाही, पटकन सोडा. चिन्ह कुठं थांबतं ते बघा. मग उजवीकडून तसंच. दोन्ही वेळा बऱ्याच वेगळ्या जागी थांबलं तर स्टिकच्या आतलं पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक कुठं आहे ते मोजणारा भाग, झिजलं असेल किंवा धूळ गेली असेल. जितकं सरकलेलं दिसेल त्याच्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त एवढाच डेडझोन लागतो. चांगल्या पॅडला पाच-सहा टक्के पुष्कळ. मायक्रोसॉफ्टनं एक्सइनपुटसाठी, म्हणजे विंडोजच्या पॅड वाचायच्या पद्धतीसाठी, डाव्या स्टिकचा सुचवलेला आकडा ३२७६७ पैकी ७८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. शूटिंगच्या गेमला चालतो, रेसिंगला फार झाला. जुन्या एसटीच्या स्टिअरिंगला जसा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो तसं होतं: आधी काहीच नाही, मग एकदम गाडी वळते, आणि माणूस म्हणतो सेन्सिटिव्हिटी जास्त आहे.

दोन ठिकाणचा डेडझोन याहून वाईट. स्टीम या गेम चालवायच्या ॲपमध्ये १० टक्के आणि गेममध्येही १० असेल तर एकूण १९ टक्के स्टिक मेलेली. कर्व्हचंही तेच, म्हणजे स्टिक किती दाबली की स्टिअरिंग किती वळतं त्या रेषेचं. असेटो कोर्सात ती रेष गॅमा या आकड्यानं ठरते; गॅमा १ म्हणजे सरळ रेष. गॅमा २ ला अर्धी स्टिक दाबली की चौथाई स्टिअरिंग मिळतं. स्टीमनंही तसाच कर्व्ह लावलेला असला की अर्ध्या स्टिकला सहा टक्केच उरतात, आणि शेवटच्या टोकाला सगळं एकदम अंगावर येतं. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि स्टीम इनपुट डिसेबल. प्लेस्टेशनचा पॅड असेल तर काही गेमला स्टीम इनपुट लागतंच. मग ते चालू ठेवून त्यातला डेडझोन शून्याजवळ आणि कर्व्ह लिनिअर करा, उरलेलं गेममध्ये.

एवढं झाल्यावर मग आकडे. फोर्झात स्टिअरिंग लिनिॲरिटी ५० ला सरळ रेष आहे, ती तशीच राहू द्या. आउटसाइड डेडझोन, म्हणजे स्टिक कुठवर गेली की पूर्ण धरायची तो आकडा, १०० ला असताना झिजलेली स्टिक पूर्ण टोकाला पोचत नसेल, तर तो तेवढाच खाली आणा. स्टिअरिंग ‘नॉर्मल’ ठेवा. ‘सिम्युलेशन’ पॅडवर शौर्य म्हणून लावणारे बहुतेक उलटं स्टिअरिंग मारताना फिरतात. असेटो कोर्सात गॅमा दीडच्या आसपास धरून सुरू करा. स्पीड सेन्सिटिव्हिटी म्हणजे वेग वाढला की गेम स्वतःच चाकं कमी वळवतो. पॅडवर ती हवीच, पण वेगवान वळणात गाडी बाहेर जायला लागली की थोडी उतरवा. एफ-१ च्या गेममध्ये लिनिॲरिटी वाढवली की मध्याजवळ गाडी शांत होते आणि टोकाला चपळ. नावं सारखी, अर्थ गेमगणिक वेगळा. म्हणून यूट्यूबवरच्या माणसाचे आकडे उतरवून घेण्यात काही राम नाही. त्याचा पॅड वेगळा, टीव्ही वेगळा, गाडीही वेगळी.

तपासायला मोन्झा घ्या आणि गाडी साधी, आबार्थ ५०० चालेल. मोठ्या सरळ रस्त्यावर मध्य कळतो: डुलली तर गॅमा किंचित वर. पॅराबोलिका या तिथल्या लांब वळणात एकच कोन बराच वेळ धरून ठेवावा लागतो; तिथं स्टिक टुकटुक मारावी लागली तर गॅमा जास्त झालाय. शिकेनमध्ये डावी-उजवी बदलायला गाडी उशीर करत असेल तर स्टिअर स्पीड वाढवा. एका वेळी एकच आकडा, आणि टायर गरम झाल्यावरच मत बनवा. गाडी वळत नाही असं वाटलं तर आधी स्टिक थोडी सैल करून बघा. टायर ठरावीक कोनापर्यंतच पकडतो (चाक जिकडे वळलंय आणि खरं जिकडे चाललंय यांतला कोन), साध्या टायरला तो सहा ते दहा अंशांच्या आसपास. त्यापुढे जास्त वळवलं की पकड उलट कमी होते. चाळीसवाल्या मालकाला हेच पटत नाही. त्याचं म्हणणं, त्याच्याकडे पोरं जिंकतात की. सगळीच त्या एका मशीनवर खेळतात, कोणीतरी जिंकणारच.

हे सगळं पीसीचं झालं. कन्सोलवर स्टीमचा आणि विंडोजचा भाग सोडून द्या. मोबाईलवर टिल्टनं खेळणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही.

व्हीलचं म्हणाल तर टीव्हीचा उशीर काढल्याशिवाय घेऊ नका, डुलणं व्हीलवरही राहतं. लॉजिटेकचं जी-२९ मिळालं तर ते ९०० अंश फिरतं. असेटो कोर्सात ड्रायव्हरमध्ये आणि गेममध्ये दोन्हीकडे ९०० ठेवा, प्रत्येक गाडीचं लॉक, म्हणजे स्टिअरिंग एकूण किती फिरतं ते, गेम जुळवून घेतो. एफ-१ ला ३६०. जी-हब या लॉजिटेकच्या ॲपमधली सेन्सिटिव्हिटी ५० वरून हलवू नका. गिअरवर चालणारं व्हील आहे, मध्याशी बारीक जोर जाणवत नाही, त्यासाठी गेममधला मिनिमम फोर्स (व्हीलला मिळणारा कमीत कमी जोर) थोडा द्यावा लागतो. खडखड ऐकू आली की जास्त झाला. लाईट जाऊन आली की ते स्वतः या टोकाकडून त्या टोकाला फिरून मध्य शोधतं, तेव्हा धरू नका, नाहीतर मध्य वाकडा बसतो. सेकंडहँड घेताना लाईटचा अडॅप्टर सोबत आहे का बघा, त्याशिवाय फोर्स येत नाही. आणि पैसे द्यायच्या आधी त्याच जॉय डॉट सीपीएलमध्ये तिन्ही पेडल हळूहळू दाबून बघा. पट्टी मध्येच उड्या मारत असेल तर आत धूळ आहे, भाव तिथंच पाडा.