पोपने गे लग्नाला परवानगी दिली का?

प्रश्न: आमच्या वसईच्या ग्रुपवर फिरतंय की पोपने गे लग्नाला परवानगी दिली. खरंय का?

उत्तर: छे हो! डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिसच्या मंजुरीने व्हॅटिकनने एवढंच सांगितलं की अशा जोडप्याने मागितला तर फादर साधा आशीर्वाद देऊ शकतात, तोही लग्नाचे कपडे, विधी वगैरे काही नाही, नंतरच्या खुलाशात तर दहा-पंधरा सेकंदांचा म्हटलंय. शिकवण तीच, समलिंगी कल असणं पाप नाही, तसे संबंध ठेवणं पाप. तरी आफ्रिकेतले बरेच बिशप भडकलेच. अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च (हे पोपच्या अधिकाराखाली नसलेलं वेगळं ख्रिस्ती चर्च) मात्र २०१५ पासून रीतसर लग्नं लावतंय, बायबल तेच बरं का. आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना त्या वेळी गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं तेव्हा आपल्या मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस म्हणाले होते, समलिंगी लोकांना आम्ही गुन्हेगार मानत नाही.