जुन्या पिकअपला बदली दारं आणि फेंडर बसवलेत, पण फटी जुळत नाहीत. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: दोन्ही दारं गंजून गेली म्हणून दुसऱ्या गाडीची आणली, पुढचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे बाजूचे पत्रे, नवे घेतले. आधी फेंडर आणि बॉनेट बसवलं, मग दारं लावली. आता ड्रायव्हरकडच्या दाराची मागची कड खाली उतरलेली आहे, फेंडर आणि दारामधली फट वर रुंद आणि खाली जवळजवळ मिटलेली आहे, आणि डेंटर म्हणतोय की स्ट्रायकर, म्हणजे दाराचा लॅच (खटका) ज्यात अडकतो तो खांबावरचा तुकडा, थोडा वर घेतला की काम होईल.

कृपया स्ट्रायकर वर घेऊ देऊ नका. तसं केलं की दार लावताना लॅच स्ट्रायकरवर चढतो, दार उचललं जातं आणि बंद असेपर्यंत फट छान दिसते. उघडलं की दार पुन्हा खाली. मग दर वेळी ते आपटून लावावं लागतं, आणि लॅच, बिजागऱ्या दोन्हींची वाट लागते. जुळवणीचं सगळं काम स्ट्रायकर पूर्ण काढून करायचं. काढा, खालच्या वॉशर-पट्ट्यांसकट पिशवीत घाला आणि बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट क्रमाची. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसतात, आणि फेंडरचं पुढचं टोक रेडिएटरच्या चौकटीवर असतं. या सगळ्यात जी जागा तुम्हाला सरकवता येत नाही ती म्हणजे केबिनचा मागचा खांब आणि दाराखालचा उंबरा. म्हणून दार आधी त्या दोघांशी जुळवायचं. मग दाराला फेंडर, फेंडरला बॉनेट, आणि ग्रिल-बंपर सगळ्यांत शेवटी. तुमच्याकडे हे उलट्या दिशेने झालंय, त्यामुळे दाराला फेंडरच्या मर्जीने बसावं लागतंय. त्या बाजूचा फेंडर काढून ठेवा. कितीतरी पिकअपमध्ये बिजागरीचे पुढच्या खांबाकडचे बोल्ट फेंडर काढल्याशिवाय नीट हातातही येत नाहीत.

दाराआधी केबिन बघा. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, हौदा रिकामा. एका कोपऱ्याला जॅक लावून फटी मोजू नका. चासीला पीळ बसतो आणि मापं बदलतात. केबिनखालची रबरं चपटी झाली असतील किंवा त्यांच्या आसपासचा पत्रा गंजला असेल तर तो कोपरा खाली बसतो आणि दाराची चौकट काटकोनात राहत नाही. दोन्ही बाजूंच्या चौकटींचे कर्ण मोजा, म्हणजे वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि त्याच्या उलट. दोन्हीकडे बिंदू अगदी तेच धरा. डाव्या-उजव्यात 2-3 मि.मी. फरक असेल तर मी पुढे जातो. त्याहून बराच जास्त असेल तर आधी रबरं, त्यांच्याखालचं पॅकिंग आणि गंज यांचा बंदोबस्त करावा लागेल. बिजागऱ्या सरकवून तो फरक लपत नाही. उंबरा किंवा केबिनचा खालचा कोपरा बदलायचा असेल तर चौकटीत आतून आडवा-तिरपा आधार टाकून मगच जुना पत्रा कापा. नवा पत्रा आधी टाचण्यावर, म्हणजे वेल्डिंगच्या एकेका ठिपक्यावर, धरा, दार लावून फट बघा, आणि खात्री झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग करा.

आता बिजागऱ्या. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. दार अर्धं उघडा, मागची कड खालून दोन्ही हातांनी धरा आणि वर उचला. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा, शक्यतो टॉर्च लावून. बिजागरीची पिन बुशमध्ये, म्हणजे ती फिरते त्या नळीत, टकटक हलली, तर पिन-बुश झिजलेत. अख्खी बिजागरी खांबावर हलली, तर बोल्ट सैल आहेत किंवा खांबाच्या पत्र्याला चीर आहे. काहीच हललं नाही आणि तरी दार खालीच आहे, तर मग तो फक्त जुळवणीचा प्रश्न. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण खेळ (सैलपणा) असलेली बिजागरी कितीही काळजीने सरकवा, दार काही दिवसांत परत उतरतं.

थोडासा खेळ इतका का दिसतो याचा हिशोब सोपा आहे. दार साधारण 1 मीटर लांब आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर 40 सें.मी. धरलं, तर बिजागरीपाशी 1 मि.मी. सरकलं की मागची कड अडीच मि.मी. खाली येते. वरच्या पिनमध्ये 2 मि.मी. खेळ असेल तर मागे 5 मि.मी. गेलेच. म्हणून पिन आणि पितळी बुश आधी नवे घाला. आणलेल्या दारांबरोबर त्यांच्या बिजागऱ्याही आल्या असतील, तर दोन्ही जोड्या हातात घेऊन हलवून बघा आणि चांगली निवडा. दाराखाली लाकूड घालून बिजागरी वाकवायचा जुना उपाय बरेच जण सुचवतील. खेळ तसाच ठेवून बिजागरी वाकवणं मला पटत नाही.

दार टांगताना त्यात काच, काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि लॅच असू द्या. रिकामं दार हलकं असतं. ते अचूक बसवलंत तरी काच घातल्यावर मागून उतरतं. रिकामंच बसवायची वेळ आली तर मागची कड 2-3 मि.मी. वर ठेवा. चौकटीचं रबर बीडिंग मात्र सुरुवातीला काढून टाका. नवं बीडिंग कडक असतं, दार बाहेर ढकलतं, आणि चूक बिजागरीची की रबराची हे कळतच नाही.

बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ ओढा, म्हणजे किती सरकलं ते दिसेल. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवसापासून तेल सोडत राहा. बोल्ट पूर्ण काढू नका. काही गाड्यांत खांबाच्या आतली नटपट्टी सुटून खाली पडते आणि मग ती शोधताना जीव जातो. बोल्ट इतकेच सैल करा की बिजागरी हलक्या ठोक्याने सरकेल पण आपोआप घसरणार नाही. एका वेळी एकच बिजागरी. दाराखाली जॅक, जॅकवर लाकूड, लाकडावर जाड कापड, आणि सोबत एक माणूस हवाच.

मागची कड वर आणायचे दोन मार्ग आहेत: वरची बिजागरी पुढे घेणं किंवा खालची मागे घेणं. कोणता, ते दाराच्या मागची फट सांगते. ती वर चिकटलेली असेल तर वरची बिजागरी पुढे घ्या. वर बरोबर आणि खाली रुंद असेल तर खालची मागे घ्या. दार आत-बाहेर घेण्याची सोय बहुतेक वेळा बिजागरीच्या दाराकडच्या बोल्टांत असते. कोणती भोकं लांबट आहेत ते बघितलं की कळतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, दार तिरकं वागतं. वरची बिजागरी बाहेर घेतली की खालचा मागचा कोपरा आत जातो. म्हणजे मागचा खालचा कोपरा बाहेर डोकावत असेल तर त्याचा इलाज समोर वरच्या बिजागरीत आहे.

फट किती ठेवायची? जुन्या पिकअपला 5-6 मि.मी. उत्तम. आजच्या गाड्यांसारखी 3-4 मि.मी. आणायच्या मागे लागू नका, उघडताना कडा घासतील. फट वरपासून खालपर्यंत सारखी असणं जास्त मोलाचं. मी 5 मि.मी. ड्रिलचा गुळगुळीत दांडा फटीतून वरून खाली फिरवतो, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावतो आणि जिथे अडतो किंवा सैल वाटतो तिथे टेपवरच आकडा लिहितो. टेपमुळे कडाही वाचतात. आणि फटीपेक्षाही आधी बॉडीवरची आडवी उठावाची रेघ जुळवा. केबिन, दार, फेंडर यांवरून जाणारी ती रेघ तुटली तर लांबून पहिल्यांदा तीच खटकते.

दार मनासारखं बसलं की बोल्ट आवळा, पुन्हा मोजा, मग स्ट्रायकर. लॅचच्या तोंडाला लहान मुलांची खेळायची मऊ माती चिकटवा, दार हळूच टेकवा आणि ठसा बघा. स्ट्रायकर तोंडाच्या मध्यावर यायला हवा आणि दार लावताना मागची कड जराही वर-खाली होता कामा नये. मग बीडिंग लावा आणि कागदाची पट्टी अडकवून सगळीकडून ओढून बघा. सगळीकडे सारखा ताण लागला तर पाणी आणि वारा आत येणार नाही.

आता फेंडर परत. त्याची मागची कड दाराशी जुळवायची, आणि ती दारापेक्षा साधारण 1 मि.मी. बाहेर असली तर बरं, म्हणजे समोरून येणारा वारा दाराच्या कडेला धरत नाही. वरची फट रुंद राहिली तर लगेच भोकं मोठी करू नका. रेडिएटरच्या चौकटीखालची रबरं बघा. ती बसली असतील तर फेंडरचं नाक खाली झुकतं आणि मागचा वरचा कोपरा पुढे सरकतो. चौकटीखाली पातळ पॅकिंग घालून नाक उचललं की वरची फट मिटते. खालच्या बोल्टाला यू आकाराच्या पट्ट्या घालून खालचा कोपरा आत-बाहेर घेता येतो. मग दार अगदी सावकाश उघडा. दाराची पुढची कड उघडताना फेंडरच्या आत वळते, पहिला टवका तिथेच उडतो.

बॉनेट त्यामानाने सोपं: आधी मागची फट, मग बाजूच्या, मग उंची, लॉक शेवटी. पहिल्यांदा लॉक काढून ठेवूनच हळू टेकवा. हौद्याची रेघ दाराच्या रेघेशी पॅकिंगने जुळवा, पण केबिन आणि हौद्यातली फट दाराच्या फटीइतकी बारीक करायला जाऊ नका. खड्ड्यात दोन्ही स्वतंत्रपणे हलतात, तिथे मोकळी जागा लागते.

नवे बाजारी पत्रे साच्यातून थोडे वेगळे निघतात, म्हणून रंगाआधी सगळी गाडी एकदा कोरडी जुळवा. कड एखाद्या ठिकाणी खरंच कमी पडत असेल तर तिच्यावर बारीक सळी टाचून, वेल्ड करून, घासून कड वाढवता येते. पण बिजागरी, रबर, पॅकिंग सगळं संपल्यावर. जुळल्यावर सुटं करण्याआधी प्रत्येक बिजागरीतून खांबापर्यंत 3 मि.मी.चं एक भोक पाडा. रंगानंतर त्यात तेच ड्रिल खुंटीसारखं घातलं की बिजागरी पुन्हा त्याच जागी येते. केबिनखाली नवी रबरं घातली असतील तर ती थोडी बसतात, तेव्हा काही आठवडे गाडी चालवून झाल्यावर केबिनचे बोल्ट तपासा आणि टेप लावून फटी परत एकदा मोजा.