मोटोरो पाकट येत्या रविवारी आणू नका, आधी टाकी

तुमचा प्रश्न असा : कांदिवलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात 4 × 1.5 × 1.5 फुटांची माशांची चालू टाकी, त्यात दोन प्लेको (तोंडाने काचेला चिकटणारे मासे). दुकानात पाच इंची 'टीकप' मोटोरो (गोड्या पाण्यातलं पाकट, म्हणजे स्टिंगरे) बघून ठेवलाय आणि तो येत्या रविवारी आणायचाय, तर टाकीत काय बदल करावेत?

त्या टाकीत तो राहू शकत नाही. आज नवी टाकी भरलीत तरी मासा साधारण दीड महिन्याने आणायचा.

'टीकप' नावाची जातच नाही. पिल्लू बशीएवढं असतं म्हणून विकताना हे नाव लावतात. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला हा मोटोरो घरच्या टाकीतही शेपटी सोडून दीड फूट रुंद होतो, मादी त्याहून मोठी. तुमची टाकी पुढून मागे दीड फूटच आहे, म्हणजे त्याला वळायलाही जागा नाही. पाकटाला उंचीशी देणंघेणं नसतं, तळ लागतो. एका नगाला कमीत कमी 6 × 3 फूट तळ, जोडीला 8 × 4. पाणी 16 इंच पुरे. आणि प्लेको दुसरीकडे हलवाच. ते रात्री पाकटाच्या पाठीला चिकटून चिकट थर खरवडतात, मग त्या जखमा चिघळतात.

आता वजन. 6 × 3 फुटांत 16 इंच पाणी म्हणजे 680 लिटर. 12 मिमी काच सव्वाशे किलो, वर वाळू, लोखंडी स्टँड आणि भरलेला संप (टाकीखालची फिल्टरची छोटी टाकी), सगळं मिळून एक टन. निवासी खोल्यांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो चलभार (माणसं, सामान वगैरेंचा भार) धरून डिझाइन करतात. तुमचा भार त्याच्या तिप्पट पडतो. टाकी बीमजवळ, भिंतीला लागून, बीमला आडवी ठेवतात, पण जुन्या इमारतीत हे अंदाजावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवा आणि त्याचं म्हणणं लेखी घ्या. तो नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला.

तळाला बारीक गोल दाण्याची सिलिका वाळू, जास्तीत जास्त एक इंच. बांधकामाची क्रश सँड नको, तिच्या दाण्याला धार असते. मूठभर ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूवर दाबून घासा. ओरखडा उठला तर ती पाकटाच्या पोटालाही उठवेल. चौपाटीची वाळूही नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि पाण्याचा कडकपणा किती वाढेल ते तुमच्या हातात राहत नाही. टोकदार दगड नकोत. हीटर मुंबईत फारसा लागत नाही, लावलाच तर संपमध्ये. टाकीत उघडा ठेवला की पाकट त्यावर जाऊन बसतं आणि भाजतं.

संप तीन फुटी, तासाला टाकीच्या पाच-सहापट पाणी फिरवणारा. एका मोठ्या पंपाऐवजी दोन मध्यम घ्या. मोठा एकच पंप रात्री बंद पडला तर सकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंपही लागेल.

खरी मेहनत माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया वाढवण्याची. भरलेली टाकी म्हणजे तयार टाकी नव्हे. चालू टाकीतला जुना स्पंज नव्या संपमध्ये टाका आणि अमोनिया स्वतः द्या. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, संपसकट 780 लिटरला 5 ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) होतो. तो उतरला की पुन्हा तेवढाच डोस. 2 पीपीएम दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि त्यापासून बनणारा नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, तेही सलग तीन-चार दिवस, तर टाकी तयार. चाचणी ड्रॉपच्या किटने करा, पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका.

यात मुंबईची एक खास अडचण आहे. महापालिकेचं पाणी धरणांचं, मऊ, त्यात कार्बोनेट कमी. अमोनिया खाताना बॅक्टेरिया हेच कार्बोनेट वापरतात. ते संपलं की पीएच 6 च्या आसपास घसरतो, बॅक्टेरिया थंडावतात आणि अमोनिया साठू लागतो. कमी पीएचला तो अमोनियम रूपात असतो, फारसा विषारी नसतो, म्हणून मासा ठीक दिसतो. मग महिनाभराच्या आळसानंतर कोणीतरी एकदम निम्मं पाणी बदलतं. ताज्या पाण्याने पीएच चढतो आणि साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. दुसऱ्या दिवशी पाकटाच्या कडा पापडासारख्या वर वळलेल्या दिसतात. ती अवस्था आली की मासा क्वचितच वाचतो, आणि दोष मात्र 'नळाच्या पाण्याला' दिला जातो. यावर उपाय म्हणजे संपमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी (इथे किती घालायचा ते तुम्ही मोजता), दर आठवड्याला केएचची, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटची चाचणी आणि न चुकता 40 टक्के पाणी बदल.

पाणी सकाळी सुटतं तेव्हाच 200 लिटरचे ड्रम भरून ठेवा. क्लोरीन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट), 200 लिटरला 2 ते 3 ग्रॅम. नंतर थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचा (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचा) थेंब टाकून पिवळा रंग येत नाही ना ते बघा. सोसायटीच्या बोर्डावर 'टाकी सफाई'ची नोटीस लागली की त्यानंतर दोन दिवस पाण्याला हात लावू नका, ब्लीचिंग पावडर उरलेली असू शकते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तपासल्याशिवाय टाकीत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावून एअरपंप काही वेळ बंद. तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि कीटकनाशक माशालाही मारतं.

तापमान 26 ते 28 अंश. मे महिन्यात पंख्याने पाणी थंड करण्याचा उपाय इथल्या दमट हवेत जेमतेम चालतो, कारण बाष्पीभवनच कमी होतं. चिलर किंवा त्या खोलीत एसी, दोन्हींपैकी एक धरून चाला. चिलर आपली उष्णता खोलीतच सोडतो, तेव्हा त्याला खिडकीजवळ जागा द्या.

औषधांबाबत एकच : तांबं असलेलं औषध आणि मिठाचा डोस पाकटाच्या टाकीत नको. समुद्रातल्या नातेवाइकांसारखी मीठ बाहेर टाकायची सोय या नदीच्या पाकटांकडे नाही.

शेपटीवरच्या काट्याकडे दुर्लक्ष नको. 2013 मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर समुद्री पाकटांनी बऱ्याच लोकांना डंख केला होता, ते आठवत असेल. तुमच्या मोटोरोचा काटाही तसाच विषारी. तो कापू नका, पुन्हा येतो. जाळीत पकडू नका, काटा अडकतो. पसरट प्लास्टिकच्या टबात पाण्यासकट उचला. डंख झालाच तर सोसवेल इतक्या, साधारण 45 अंशांच्या गरम पाण्यात ती जागा अर्धा ते दीड तास बुडवा आणि हॉस्पिटल गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या. घरात लहान मूल असेल तर झाकणाला कुलूप.

खरेदी करताना दुकानात त्याला खाताना बघा. शेपटीच्या मुळाशी दोन उंचवटे दिसत असतील तर मासा उपाशी आहे, स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा लिओपोल्डाय हवा असेल तर तो सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे. यादीतल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणी आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पावती मागा.

घरी आणल्यावर दिवे बंद, टबात दोन तास टाकीतलं पाणी थेंबथेंब, मग मासा टाकीत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत नको. पहिले दोन दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका. सुरुवातीला गांडूळ द्या, तेही गांडूळखताच्या स्वच्छ वाफ्यातलं. खायला लागल्यावर सोललेली करंदी द्या, उरलेली अर्ध्या तासात काढून टाका.