व्हिक्टोरियन काळात घरच्या जाचाला कंटाळलेली अविवाहित मुलगी एकटी परदेशी जाऊ शकायची का?
हो, पण गाठीला पैसे तरी हवेत, नाहीतर तिकडे कुणीतरी आपलं माणूस. यॉर्कशरच्या मेरी टेलरचंच बघा. वडील वारले, आईशी पटेना, आणि तिच्यासारखीला इंग्लंडात शिकवणीपलीकडे काम कुठलं! १८४५ मध्ये ती थेट न्यूझीलंडला निघाली. वेलिंग्टनला भाऊ होताच. १८५० मध्ये चुलतबहिणीला घेऊन क्युबा स्ट्रीटवर दुकान टाकलं. पुढच्याच वर्षी बहीण क्षयाने गेली, तरी मेरीने दुकान चालवलं. लग्न केलंच नाही. नंतर इंग्लंडला परतली, पण कुणाच्या दारात आश्रित म्हणून नाही.

पैसे नसलेल्या शिकल्यासवरल्या मुलींना १८६२ पासून लंडनची एक संस्था जहाजभाड्यासाठी कर्ज द्यायची. गंमत म्हणजे वसाहतींना गव्हर्नेसपेक्षा (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईपेक्षा) मोलकरणीच जास्त हव्या होत्या.